आधी हात, मग डोळे : धुरकट ल्युसिड ड्रीम उजळायचं कसं

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी २९ वर्षांचा आहे, सोलापूरला बँकेत नोकरी करतो. गेल्या वर्षापासून महिन्यातून दोन-तीनदा मला स्वप्नातच कळतं की हे स्वप्न आहे, ज्याला ल्युसिड ड्रीम म्हणतात. बहुतेक वेळा रविवारी पहाटे. पण कळलं रे कळलं की सगळं धुरकट होतं, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसं. एखादी वस्तू नीट दिसावी म्हणून तिच्याकडे एकटक बघितलं तर ती विरघळते. अंधार असला आणि मी दिवा लावायला गेलो तर बटण दाबूनही दिवा लागत नाही. दहा-पंधरा सेकंदांत जाग येते. व्हिडिओंमध्ये सांगतात की स्वप्नात ‘क्लॅरिटी नाऊ’ असं ओरडा. मी ओरडलो आणि जागा झालो. कुणी बी-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायला सांगतं. मला चष्मा आहे, त्याचा काही संबंध असेल का? रोज साडेबाराला झोपतो, सव्वासहाला उठतो, रविवारी आठपर्यंत लोळतो. स्वप्न अगदी खऱ्यासारखं दिसावं, जाणवावं, यासाठी नेमकं काय करू?

सल्ला

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटून दुसरं आहे, झोपायच्या वेळेचं. तिथला हिशेब जमला नाही तर स्वप्नात करायच्या युक्त्या निम्म्याही लागू पडत नाहीत, म्हणून आधी तो बघू.

मोठ्या माणसाच्या झोपेची एक फेरी साधारण ९० मिनिटांची. प्रत्येक फेरीच्या शेवटी रेम झोप येते, म्हणजे मिटलेल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात ती झोप. ठसठशीत स्वप्नं बहुतांशी हिच्यात पडतात आणि ल्युसिड ड्रीम तर जवळजवळ हिच्यातच. रात्रीची पहिली रेम दहा-एक मिनिटांत आटोपते. पुढे ती लांबत जाते आणि पहाटेची रेम अर्ध्या तासाच्याही पुढे जाऊ शकते. तुम्ही साडेबारा ते सव्वासहा झोपता, म्हणजे पावणेसहा तास. त्यात जेमतेम चार फेऱ्या बसतात, आणि चौथीचं शेपूटही गजर कापतो. पाचवी फेरी, जिच्यात सगळ्यात लांब रेम असते, ती आठवड्यातले सहा दिवस तुमच्या वाट्याला येतच नाही. रविवारी आठपर्यंत झोपता तेव्हा ती मिळते, शिवाय आठवडाभराची तूट भरून काढायला मेंदू रेम वाढवून घेतो. तुमची ल्युसिड ड्रीम्स रविवारीच का पडतात याचं उत्तर हेच. पहाटेची स्वप्नं खरी होतात असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात. खरी होतात की नाही ते सोडा, पण ती जास्त स्पष्ट आणि जास्त लांब असतात हे बरोबर आहे.

तेव्हा पहिलं काम : रोज पाऊण तास तरी आधी झोपा. पावणेबारा जमत असेल तर पावणेबारा. ल्युसिड ड्रीमसाठी म्हणून वेगळं काही करायचं ते आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, आणि तेही दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हाच. झोपमोड करून सकाळी मोटरसायकल चालवणं हा वेडेपणा आहे.

शनिवारचं वेळापत्रक असं ठेवा. अकराला अंथरुणात. साडेचारचा गजर, शक्यतो व्हायब्रेशनवर, फोन उशीखाली न ठेवता हात लांब करून पोचेल इतक्या अंतरावर. गजर वाजल्यावर हलण्याआधी डोळे मिटून पडल्यापडल्या अर्धा मिनिट आठवा : आत्ता कुठे होतो, बरोबर कोण होतं. मग उठा. लघवीला जाऊन या, दोन घोट पाणी प्या, झिरोच्या बल्बच्या उजेडात वहीत स्वप्न लिहा. फोनची स्क्रीन नको, चहा तर अजिबात नको. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात, म्हणजे साडेचारच्या चहातलं निम्मं कॅफिन साडेनऊलाही अंगात. वीस मिनिटं ते अर्धा तास असा जागेपणी घालवायचा आणि मग परत आडवं व्हायचं. पुढे गजर नाही.

या मधल्या जागरणाचा उपयोग काय, तर साडेपाच तासांची झोप आधीच पदरात पडलेली असते. आता डोळा लागला की मेंदू लवकर रेममध्ये शिरतो आणि शिरताना विचार करणारा भाग नुकताच जागा होऊन गेलेला असतो. स्वप्नातली जाणीव आणि स्वप्नाचा ठळकपणा, दोन्ही एकाच वेळी वाढतात.

आडवं झाल्यावर नुकतंच लिहिलेलं स्वप्न पुन्हा मनात चालवा. त्यात जिथे काहीतरी विचित्र होतं तिथे थांबा (बँकेत शाळेचे बाक होते, मेलेला माणूस गप्पा मारत होता, असं काही) आणि त्याच जागी आपल्याला ‘अरे, हे स्वप्न आहे’ असं कळलं अशी कल्पना करा. त्यानंतर लगेच, कल्पनेतच, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळा आणि आजूबाजूच्या एका वस्तूला हात लावा. हा शेवटचा तुकडा तुमच्यासाठी खास आहे. बहुतेक लोक ‘कळण्या’चीच तालीम करतात. कळल्यानंतरच्या दहा सेकंदांची तालीम करत नाहीत, आणि तिथेच स्वप्न हातातून जातं. मनातल्या मनात म्हणायचं वाक्य मराठीत आणि साधं असू द्या : ‘पुढच्या स्वप्नात मला कळेल की हे स्वप्न आहे.’ ते म्हणत म्हणतच झोप लागली पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या डेनहोल्म अ‍ॅस्पी यांच्या २०१७च्या अभ्यासात, हा सराव संपवून पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली त्यांना जवळपास ४६ टक्के वेळा ल्युसिड ड्रीम पडलं. एरवी हे प्रमाण बरंच खाली होतं. म्हणून मधलं जागरण स्वतःला बेतून घ्या. परत झोप लागायला वीस-पंचवीस मिनिटं तळमळत असाल तर जागरण दहा मिनिटांवर आणा. उलट, पडल्याबरोबर दगडासारखे झोपत असाल आणि काहीच आठवत नसेल तर चाळीस मिनिटांपर्यंत वाढवा, खुर्चीत बसा.

आता स्वप्नातलं काम.

तुम्ही कळल्याबरोबर बघायला जाता. दिसणं हे स्वप्नातलं सगळ्यात कच्चं इंद्रिय आहे, ते सगळ्यात आधी जातं. स्वप्न विटायला लागलं की पहिल्यांदा रंग फिके होतात, मग आकार पुसट होतात. स्पर्श आणि अंगाची हालचाल बराच वेळ टिकते. म्हणून सुरुवात तिथून करायची. कळलं की पळू नका, उडू नका, कुणाला सांगायला जाऊ नका. जागच्या जागी उभे राहा आणि तळवे एकमेकांवर जोरात चोळा. नुसते हात हलवून उपयोग नाही. घर्षण जाणवतंय का, ऊब येतेय का, अंगठ्या-बिंगठ्या लागतायत का, याकडे लक्ष द्या. पहिले दोन-तीन सेकंद काहीच वाटलं नाही तरी चोळत राहा, बहुतेक वेळा संवेदना मागून येते. पाच-सहा सेकंदांनी जवळची भिंत, दार, टेबल, जे असेल त्याला हात लावा.

यामागचं कारण समजून घेतलंत तर पुढचं सगळं आपोआप सुचेल. तुमचं खरं शरीर गादीवर पडलेलं आहे. तिथून चादरीचा स्पर्श, पंख्याचा वारा, मानेखालची उशी अशा संवेदना येतच असतात. रेममध्ये मेंदू त्या बऱ्याच अंशी दाराबाहेर ठेवतो. पण तुम्ही ‘मी तर झोपलोय’ असा विचार केला की लक्ष गादीकडे वळतं आणि जाग येते. स्वप्नातल्या हातांना काम दिलं की लक्ष स्वप्नातल्या शरीरात अडकून राहतं, गादीवरच्या शरीराला जागा उरत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात ल्युसिड ड्रीमवर काम सुरू केलेल्या स्टीफन लाबर्ज यांनी नव्वदच्या दशकात यावर तुलना करून बघितली. विटत चाललेल्या स्वप्नात हात चोळणाऱ्यांचं स्वप्न चालू राहण्याची शक्यता १३ ला १ अशी आली, स्वतःभोवती गरगर फिरणाऱ्यांची २२ ला १. काहीच न करता वाहवत जाणाऱ्यांची मात्र १ ला २, म्हणजे उलटीच.

आकडा बघून तुम्ही लगेच गरगर फिरायला जाल, म्हणून सावध करतो. फिरण्यात स्वप्न टिकतं, पण दृश्य बहुतेक वेळा बदलतं. फिरणं थांबलं की तुम्ही दुसरीकडेच उभे असता, आणि फार वेळा ती ‘दुसरीकडे’ म्हणजे तुमचीच खोली, तुमचंच अंथरूण. माणूस समजतो जागा झालो, उठून दात घासायला लागतो, आणि सगळं अजून स्वप्नातच असतं. म्हणून फिरताना सतत म्हणत राहायचं : ‘थांबल्यावर जे दिसेल तेही स्वप्नच.’ आणि थांबल्याबरोबर नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघायचा. नाक बंद असूनही श्वास आत गेला तर स्वप्न चालू आहे. खरोखर जाग आल्यासारखी वाटेल तेव्हाही दर वेळी हा नाकाचा प्रयोग करा. जी स्वप्नं ‘संपली’ असं तुम्ही लिहिताय त्यातली काही संपलेलीच नसतील. तर, हात चोळणं हा रोजचा उपाय. फिरणं शेवटचा, दृश्य गेलंच असेल तेव्हाचा. फिरताना हात पसरून, मुलं भोवऱ्या घेतात तसं, आणि तोल जातोय हे जाणवेल इतक्या वेगाने.

आता डोळे. एकटक बघितल्यावर वस्तू विरघळते ही तुमची तक्रार अगदी नेहमीची आहे. रेममध्ये हातपाय लुळे असतात, डोळे मात्र मोकळे असतात, आणि स्वप्नातली नजर जिकडे वळते तिकडे खरे डोळेही वळतात. याच आधारावर १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ल्युसिड ड्रीम पहिल्यांदा यंत्रावर पकडलं : अ‍ॅलन वर्स्ली यांनी झोपेतूनच, आधी ठरल्याप्रमाणे, डोळे डावी-उजवीकडे हलवून खूण केली. एकाच बिंदूवर नजर रोवून धरणं रेमच्या या चालीविरुद्ध जातं आणि स्वप्न बऱ्याचदा विटतं. म्हणून नजर चालती ठेवा. एका वस्तूवर एक-दोन सेकंद, मग तिच्या कडेवर, मग शेजारच्या वस्तूवर, मग स्वतःच्या हातांवर, परत पहिल्या वस्तूवर. परत आल्यावर वस्तू थोडी बदललेली असेल. असू द्या. ‘का बदलली’ याचा तपास करत बसलात तर पुन्हा एकटक बघणं आलं.

यातला सगळ्यात चांगला प्रयोग अंगठ्याचा. एक हात समोर लांब करा, अंगठा वर, आणि हळूहळू हवेत मोठं वर्तुळ काढा. एका फेरीला चार-पाच सेकंद. नजर नखावर ठेवून त्याच्याबरोबर फिरवा. दोन फेऱ्या एका बाजूने, दोन उलट्या. लाबर्ज, बेंजामिन बेअर्ड आणि फिलिप झिंबार्डो यांनी २०१८ साली हाच प्रयोग झोपेच्या प्रयोगशाळेत करून घेतला. जागेपणी खरा अंगठा पाहताना डोळे सरळ घरंगळत जातात. डोळे मिटून नुसती कल्पना केली की ते टप्प्याटप्प्याने उड्या मारतात. ल्युसिड ड्रीममध्ये ते जागेपणासारखेच घरंगळत गेले. म्हणजे स्वप्नातलं दिसणं हे मनातल्या कल्पनेपेक्षा खऱ्या पाहण्याच्या जवळचं आहे. तुम्हाला हवं असलेलं ‘खऱ्यासारखं’ यंत्रणेत आधीच आहे, नव्याने बनवायचं नाही. तिला काम दिलंत की ती चालते. अंगठ्याच्या दोन फेऱ्यांनंतर मागचं दृश्य आपोआप निवळतं असा पुष्कळांचा अनुभव आहे, कारण लक्ष हलत्या गोष्टीवर असतं आणि ‘अजून स्पष्ट का होत नाही’ ही धडपड थांबलेली असते.

हात आणि नजर स्थिरावली की मग खरी मजा. एकच वस्तू घ्या आणि तिच्या जवळ जा. समजा जुन्या वाड्याची चुना लावलेली भिंत आहे. तळवा सपाट ठेवा : गार आहे, किंचित दमट. बोट खालून वर फिरवा, पापुद्रा कुठे सुटलाय ते कळेल. नखाने थोडं खरवडा. आवाज येतो का ऐका, नखात पांढरी भुकटी अडकली का बघा, बोटाच्या टोकांवर चोळून बघा. वाकून वास घ्या. एवढं करायला दहा सेकंद लागतात आणि त्या दहा सेकंदांत तुम्ही चार इंद्रियं कामाला लावलेली असतात, तीही ‘दाखव’ असा हुकूम न सोडता. भिंतीच्या जागी पितळेचा तांब्या चालेल, ओलं गवत चालेल, कुणाची खरखरीत दाढी चालेल. चव घ्यायची असेल तर सरळ काहीतरी खा. तिखट-मीठ लावलेला पेरू उत्तम, कारण त्यात कडकपणा, बियांची करकर, खारट, तिखट, आंबट सगळं एकत्र आहे आणि ते तुमच्या आठवणीत पक्कं बसलेलं आहे.

स्वप्न आठवणीतल्या मालावर चालतं. जी गोष्ट तुम्ही जागेपणी कधी नीट हाताळली नाही ती स्वप्नात बारकाव्यांसह येणं कठीण. त्यामुळे दिवसाचा सराव हवा. दिवसातून तीनदा, दोन-दोन मिनिटं, हातातली कुठलीही वस्तू वर भिंत तपासली तशी तपासून बघा : नोटांच्या बंडलावरचा रबर, डब्याचं झाकण, स्टुलाची कड. वजन, तापमान, खरखर, आवाज, वास, याच क्रमाने. दिसणं शेवटी. पेरू खाल तेव्हा पहिला तुकडा फोन बाजूला ठेवून खा. प्रत्येक वेळी शेवटी नाक चिमटीत धरून श्वास घ्यायचा प्रयत्न करा आणि ‘आत्ता मी स्वप्नात आहे का?’ असं मनापासून विचारा. उत्तर माहीत असल्याच्या थाटात उरकलं तर स्वप्नातही तसंच उरकलं जातं.

दिव्याचं बटण. हे एकट्या तुमचं नाही. हर्न यांनीच १९८१ साली याची नोंद केली होती की स्वप्नात बटण दाबून खोलीतला उजेड एकदम वाढवणं बहुतेकांना जमत नाही. दिवा लागत नाही, मिणमिणतो किंवा दृश्यच बदलतं. चालू दृश्याचा प्रकाश झटक्यात बदलणं मेंदूला जड जातं, नवं दृश्य उजेडात उभं करणं त्या मानाने सोपं. म्हणून बटणाच्या वाटेला जाऊ नका. दाराकडे चला, कडी हाताला लागू द्या, आणि दार उघडण्याआधी पक्कं ठरवा की बाहेर दुपारचं ऊन आहे. सोलापूरकराला दुपारच्या उन्हाची कल्पना करायला कष्ट पडू नयेत. उंबरठा ओलांडताना डोळ्यांपेक्षा पायाकडे लक्ष ठेवा : फरशी तापलेली आहे. उजेड मागून येतो. दार नसेल तर पाठ फिरवा आणि वळताना मनात म्हणा की मागे खिडकी आहे, ऊन आत पडलंय. डोळे मिटून उघडण्याची युक्तीही काही जण सांगतात. तुमचं स्वप्न पंधरा सेकंदांचं आहे तोवर ती टाळा, मिटलेले डोळे बहुतेक वेळा खऱ्या खोलीतच उघडतात.

चष्म्याचा प्रश्न गंमतीचा वाटला तरी बरोबर आहे. स्वप्नातली नजर बुबुळातून येत नाही, त्यामुळे नंबर तिथे लागू होत नाही. पण अपेक्षा लागू होते. ‘माझ्या डोळ्यांवर चष्मा नाही’ हे स्वप्नात लक्षात आलं की तुम्हाला वर्षानुवर्षांच्या सवयीने धुरकटच दिसेल. उपाय तोच : शर्टाच्या खिशात हात घाला, चष्मा तिथे आहे असं धरून चालून तो काढा, दांड्या कानामागे बसल्याचं जाणवू द्या. पुष्कळदा चष्मा नाकावर बसल्याबरोबर दृश्य निवळतं.

‘क्लॅरिटी नाऊ’ चुकीचं नाही, तुमची पद्धत चुकीची आहे. शब्दांमुळे अपेक्षा पक्की होते एवढाच त्यांचा उपयोग. ओरडलात की उत्तेजना वाढते, छाती धडधडते, आणि जाग येते. इंग्रजीचीही गरज नाही. भिंतीला हात टेकलेला असताना, हळू आवाजात, ‘अजून स्पष्ट’ म्हणा. एकदाच. मग हाताखाली काय जाणवतंय तिकडे परत या. आनंदाने उड्या माराव्याशा वाटतील तेव्हा जमिनीकडे बघून दोन संथ श्वास घ्या.

एवढं करूनही दृश्य जात असेल तर त्याला जाऊ द्या आणि हात सोडू नका. अंधार झाला तरी तळवे चोळत राहा, स्वप्नातल्या पायांनी जमिनीवर ताठ उभं असल्याचं धरून ठेवा. अर्ध्या मिनिटात नवीन दृश्य येऊ शकतं. जाग आलीच तर खरं शरीर तसूभरही हलवू नका, डोळे उघडू नका, कूस बदलू नका. शेवटचं दृश्य आणि हाताखालचा शेवटचा स्पर्श मनात धरून तसेच पडून राहा. पहाटेच्या रेममधून नुकतेच बाहेर आला असाल तर एक-दोन मिनिटांत परत आत शिरता येतं, आणि ही दुसरी खेप बऱ्याचदा पहिलीपेक्षा स्पष्ट असते. तीन-चार मिनिटांत काही झालं नाही तर उठून लिहा.

लिहिणं टाळू नका, कारण ‘धुरकट’ या तक्रारीचा एक हिस्सा स्वप्नाचा नसून आठवणीचा असतो. दचकून जाग आली, फोन बघितला, की बऱ्याच तपशिलांवर पाणी पडतं आणि उरलेलं स्वप्न फिकं वाटतं. वहीत प्रत्येक ल्युसिड ड्रीमखाली दिसणं, स्पर्श, आवाज, वास-चव यांना प्रत्येकी ० ते ५ गुण द्या, आणि किती सेकंद टिकलं ते अंदाजे. सेकंदांचा अंदाज फारसा चुकत नाही. ल्युसिड ड्रीममध्ये मोजायला लागणारा वेळ जागेपणाएवढाच येतो, बैठका काढण्यासारख्या हालचालींना मात्र जास्त लागतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. खेरीज काही मर्यादा मानून चला. छापलेला मजकूर दुसऱ्यांदा वाचला की बदललेला असतो, घड्याळातले आकडे उड्या मारतात. त्यावरून स्वप्नाचे गुण कापू नका.

आता गोळ्या. अ‍ॅडलेडच्या त्याच अ‍ॅस्पी यांच्या गटाने २०१८ साली बी-६ तपासलं : झोपण्यापूर्वी २४० मिलिग्रॅम, सलग पाच दिवस. लोकांना स्वप्नं जास्त आठवली. पण स्वप्नांचा ठळकपणा, रंग, विचित्रपणा यांत फरक पडला नाही. म्हणजे तुम्हाला जे हवंय तेच या गोळीतून मिळत नाही. शिवाय बी-६ मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर मज्जातंतूंना इजा होते, हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. हा सौदा तोट्याचा आहे. दुसरं नाव इंटरनेटवर दिसेल ते गॅलँटामाइन. याने खरोखर फरक पडतो : २०१८च्या एका अभ्यासात १२१ जणांपैकी नकली गोळीवर १४ टक्के, ४ मिलिग्रॅमवर २७ टक्के आणि ८ मिलिग्रॅमवर ४२ टक्के लोकांना ल्युसिड ड्रीम पडलं. पण ते अल्झायमरचं औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं. मळमळ, उलट्या, हृदयाचे ठोके मंदावणं हे त्याचे परिणाम. छंदासाठी घेण्याची ही वस्तू नाही. शनिवारी दोन पेग घेत असाल तर त्या रात्री हा उद्योग करू नका. दारू रात्रीच्या पहिल्या भागातली रेम दाबते आणि उत्तररात्री झोप तुकड्यातुकड्यांची करते. गांजाही रेम दाबतो. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्याही दाबतात, पण त्या चालू असतील तर स्वप्नांसाठी एक दिवसही बंद करायच्या नाहीत.

मधल्या जागरणानंतर कधीतरी जाग येईल आणि अंग हलणार नाही, छातीवर कुणी बसलंय असं वाटेल, खोलीत कुणीतरी उभं असल्याचा भास होईल. भूतबाधा नव्हे, रेममधला हातापायांचा लुळेपणा जाग आल्यावरही काही क्षण रेंगाळतो, इतकंच. काही सेकंदांत, फार तर दोन-चार मिनिटांत जातो. झटापट करू नका, श्वास संथ सोडा, पायाचं एक बोट हलवायचा प्रयत्न करा. पाठीवर झोपल्याने हे जास्त होतं, म्हणून कुशीवर झोपा. वारंवार व्हायला लागलं तर जागरणाचा सराव महिनाभर बंद.

ज्यांना आधी मानसिक आजाराचा झटका येऊन गेलाय, बायपोलर आहे किंवा फिट्स येतात, त्यांनी झोप मोडण्याचा हा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. या सगळ्यांत झोपमोड स्वतःच त्रास उकरून काढते. दिवसा जागेपणीही ‘हे खरं आहे की नाही’ अशी शंका यायला लागली तर सराव लगेच थांबवा. आणि झोपेत खरोखर हातपाय झाडत असाल, ओरडत असाल, शेजारच्याला लागत असेल, तर तो ल्युसिड ड्रीमचा भाग नाही, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

पहिले चार शनिवार फक्त एवढंच करा : अकराची झोप, साडेचारचा गजर, कळल्यावर हात, भिंत, अंगठा. उडणं, समुद्र, आवडती माणसं, सगळं नंतर. चार शनिवारांत एकही ल्युसिड ड्रीम पडलं नाही तर आधी वहीत नेहमीची स्वप्नं रोज एक तरी आठवतंय का ते बघा. तेवढं आठवत नसेल तर गजर आणि जागरण सोडून दोन आठवडे नुसती झोप वाढवा. पडलं आणि स्पर्शाचे गुण ३च्या वर गेले तर दार आणि उन्हाचा प्रयोग सुरू करा. दिसण्याचे गुण स्पर्शाच्या मागून चढतात, एखाद-दोन स्वप्नांच्या अंतराने. गुण अडले आणि पुन्हा लिहावंसं वाटलं तर वहीतली ती पानं पत्राबरोबर पाठवा, त्या रात्री किती वाजता झोपलात आणि कुठलं औषध चालू होतं यासकट.